शेजारणीचा खोकला

४ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

सुखरूप पोचलो. घर म्हणजे दीड खोली. कपाट उघडायचं तर आधी पलंगावरच्या माणसाला उठवावं लागतं, आणि तो माणूस म्हणजे तुमचे चिरंजीव, त्यामुळे कपाट सहसा बंदच असतं. हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे. मला छातीच्या आजारांचा वॉर्ड मिळालाय, दिवसभर खोकलेच ऐकते. घरमालकीण भली आहे, पण प्राणी म्हटलं की हात जोडते. मी तिला बटणाचा फोटो दाखवला, तर म्हणाली, गोड आहे, तिकडेच असू दे.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र.

बटणाला तुमच्या गळ्यात घालून आलो याची मला फार टोचणी आहे. तुम्हाला कुत्र्यांची आवड नाही हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. सात वर्षांचा पॉमेरेनियन, त्यात लाडावलेला. एक सांगून ठेवते, त्याचा त्रास व्हायला लागला, किंवा तो आजारी-बिजारी पडला, तर मुळीच ओढत बसू नका. माझ्या धाकट्या बहिणीकडे मोठं अंगण आहे, तिचे दोन दांडगे कुत्रे आहेत, त्यात हाही खपून जाईल. तुम्ही एक ओळ टाका, ती येऊन घेऊन जाईल.

तब्येतीला जपा. शिवणाच्या ऑर्डरी कमी घ्या.

तुमची सूनबाई

१९ फेब्रुवारी

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कपाटाबद्दल वाचून बरं वाटलं. तो लहानपणापासून पलंगावरच असतो, तुला आता कळलं इतकंच.

तुझा बटण मजेत आहे. मला कुत्र्याची आवड नाही हे खरं, पण त्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. पहिले दोन दिवस दाराशी तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनच्या पायपट्टीवर येऊन झोपला. आता मला पाय ठेवायला जागा नाही, मी शिवायचं कसं, हे तूच सांग. गिऱ्हाइकं माप द्यायला येतात आणि अर्धा तास त्यालाच खाजवत बसतात. येताना बिस्किटं आणतात, माझ्यासाठी नाही.

त्याचा जुना पट्टा अगदीच कळकट होता. मी नवीन शिवला. दुहेरी कापड, आत बकरम, म्हणजे शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून घालतो ना ते कडक कापड, आणि वर पांढरी टीप. चाळीस वर्षं मी लोकांच्या कॉलरी कापल्या, पण इतकी देखणी कॉलर एकाही माणसाच्या मानेवर बसली नाही. साहेबासारखा दिसतो.

आता जरा दुसरं. तू खोकल्यांच्या वॉर्डात आहेस म्हणून विचारते. आमच्या शेजारणीला खोकला झालाय. साधा नाही. मान पुढे काढते आणि बदक ओरडावं तसा आवाज येतो. कफ काही पडत नाही. दारावरची बेल वाजली की ती उठते धावत, की लागला खोकला. पाणी प्यायली की खोकला. मी इस्त्री करताना वाफ निघाली की खोकला. दिवसभर माझ्याकडेच असते बिचारी. उंचीनं बुटकी आहे, अंगानं गोल, वय तसं पुढे सरकलेलं. खोकून झालं की पुन्हा बिस्किट मागते, म्हणजे भूक चांगली आहे. तिला डॉक्टरकडे जायची भीती वाटते. आणि तिच्या घरच्यांना कळलं तर ते तिला लांब कुठेतरी पाठवून देतील, असं तिच्या मनानं घेतलंय. तेव्हा काही घरगुती उपाय असेल तर कळव. बोभाटा नको.

आई

२६ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

तुमच्या मजल्यावर शेजारीण कुठली? समोर एकटे ग्रंथपाल राहतात आणि त्यांना पोटापर्यंत दाढी आहे. वरचं घर रिकामं. बुटकी, अंगानं गोल, वय पुढे सरकलेलं, दिवसभर तुमच्याच घरात. आई, मी नर्स आहे, लहान मूल नाही.

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना मी सगळं वाचून दाखवलं. कोरडा खोकला, उठून धावलं की वाढतो, वाफेनं वाढतो. ते म्हणाले, उद्याच्या उद्या छातीचा एक्स-रे काढायला सांग. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात जायचं, सकाळी, उपाशीपोटी जायची गरज नाही. घरगुती उपाय मी सांगणार नाही, सांगितला तर तुम्ही तोच करत बसाल. फोन केला तर तुम्ही 'सगळं ठीक' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे लिहिते आहे. तुमचे चिरंजीव रजा टाकायला निघालेत. पलंगावरून उठलेत, यावरून काय ते समजा.

आणि लांब कुठे पाठवून देतील म्हणजे काय? कोण पाठवणार तुम्हाला? कुठे?

एक गोष्ट मी तुम्हाला कधी नीट सांगितलेली नाही. माझ्या आईनं असंच केलं होतं. जिना चढताना धाप लागायची, तर म्हणायची, पिशवी जड आहे. पिशवी माझ्या हातात असायची. आम्हाला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नर्स झाले ते त्यानंतर. दुसऱ्यांदा मला ते नको आहे. तुम्ही मला शेजारणीच्या गोष्टी सांगू नका.

रिपोर्ट लगेच पाठवा.

तुमची सूनबाई

५ मार्च

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

सोबत माझ्या छातीचा रिपोर्ट. आधी तो वाच, मग पुढचं वाच.

वाचलास? स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाला, आजी, खोकून दाखवा. मी म्हटलं, येत नाही. म्हणाला, मग आलात कशाला? मी म्हटलं, सुनेनं पाठवलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही, शहाणा होता. नवऱ्याला सांग रजा परत घे.

बुटकी आणि गोल वाचून तुला मी आठवले, हे मी लक्षात ठेवीन. पण तुझ्या आईचं वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. तू डबा बंद केलास, तो मुलगा जिवाला घोर लावून बसला, आणि मी इथे गंमत केल्यासारखी कथा रचत होते. तेव्हा आता सरळ सांगते. शेजारीण म्हणजे बटण.

तू गेल्यावर आठवड्याभरात त्याचा खोकला सुरू झाला. तू लिहिलं होतंस, आजारी पडला तर बहीण येऊन घेऊन जाईल. मी ते वाक्य वाचलं तेव्हा हा माझ्या पायांवर झोपला होता. अंगणात दोन दांडगे कुत्रे आणि त्यात हा एवढासा, बेल वाजली तरी दम लागणारा. खपून जाईल म्हणालीस. मला तो शब्द सहन झाला नाही. मग म्हटलं, सांगायचंच नाही. मला कुत्र्याची आवड नाही, हे अजूनही खरं आहे. हा सोडून.

पण आता गंमत संपली. काल दुपारी समोरचे ग्रंथपाल शर्ट न्यायला आले. बेल वाजली, बटण धावला, खोकला लागला तो थांबेचना. मान ताणून नुसता ओढत होता, श्वास आत जाईना. जीभ निळसर पडली आणि मागचे पाय मुडपून तो बसकन खाली बसला. ग्रंथपालांनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, त्याला गार फरशीवर ठेवला आणि मला म्हणाले, तुम्ही त्याच्याशी हळू बोला, घाबरू देऊ नका. मी काय बोलले ते मला आठवत नाही. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला, जीभ गुलाबी झाली, आणि त्यानं माझी बोटं चाटली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरकडे वेळ मिळाली आहे. ग्रंथपाल टोपली धरणार आहेत. हे पत्र पेटीत टाकते आणि तशीच पुढे जाते. तो जाणार असेल तर माझ्या मांडीवरून जाईल, अंगणातून नाही. एवढं मला करू दे.

आई

१० मार्च

आई, नमस्कार.

तुमचा रिपोर्ट आणि त्यापुढचं सगळं मी वॉर्डातच वाचलं. आधी तुम्ही वाचलात म्हणून रडले, मग बटणासाठी रडले. शेजारच्या पेशंटनं मला पाणी दिलं.

रागावू का? रागावायचं होतं, पण तो शेवटचा परिच्छेद वाचल्यावर जमलं नाही.

आता माझं ऐका. बहिणीला मी विचारलंसुद्धा नव्हतं. तिला पत्ताच नाही. तुमच्यावर ओझं टाकलं असं वाटत होतं, आणि तुम्हाला सुटका हवी असेल तर मागायला संकोच नको, म्हणून मी ते अंगण लिहून टाकलं. तुम्ही हसून दुसऱ्या पत्रात 'राहू दे इथेच' म्हणाल, असं मला वाटलं होतं. तुमचे चिरंजीव म्हणतात, तुम्ही दोघी एकमेकींना इतकं सांभाळता की मधल्या मधे तिसऱ्याचा जीव जायचा. या खेपेला त्यांचं म्हणणं खरं आहे, पण मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

आणि तो खोकला नवा नाही. आमच्याकडेही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचा. घशात केस गेला असेल म्हणून मी पाठीवरून हात फिरवायची आणि विसरायची. माणसांच्या छातीला दिवसभर नळी लावणारी मी, घरच्या कुत्र्याचं ऐकलं नाही.

डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस आहेत? जे असेल ते लिहा, गोड करून लिहू नका. तो तुमच्याकडेच राहील, याची काळजी सोडा.

तुमची सूनबाई

७ मार्च

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, तू तिकडे काय काय मनात आणशील ते मला माहीत आहे. पहिल्या ओळीतच सांगते, बटण आहे. या क्षणी माझ्या पायांवर आहे.

डॉक्टर म्हणजे तुझ्याच वयाची मुलगी, हातभर मांजरांचे ओरखडे. तिनं त्याच्या गळ्यावर दोन बोटं नुसती टेकवली, तर लगेच बदक ओरडलं. मग एक्स-रे काढला. घरात आठवड्याभरात दोन एक्स-रे, मी म्हटलं, आता ग्रंथपालांचाही काढून टाका.

तिनं चित्र उजेडात धरून समजावलं. श्वासनलिकेला कड्या असतात, त्यांनी नळी उघडी राहते. या लहान जातींत काहींच्या कड्या मऊ पडतात. मग श्वास घेताना नळी चपटी होते आणि तो आवाज येतो. मला बरोबर कळलं. धुवून धुवून बकरम गेलं की कॉलर तशीच मान टाकते. मी विचारलं, पुन्हा ताठ करता येईल का? ती म्हणाली, नाही, कड्या होत्या तशा होणार नाहीत, खोकला कायमचा जाणार नाही.

मग मी तेच विचारलं जे तू विचारशील. किती दिवस? ती म्हणाली, दिवस कसले विचारता, वर्षं विचारा. हा आजार घेऊन बहुतेक लहान कुत्री नीट म्हातारी होतात, फक्त त्यांना सांभाळावं लागतं. वजन उतरवायचं, उकाडा, धूर आणि वाफ यांपासून लांब ठेवायचं, फार उसळू द्यायचं नाही. खोकला वाढला की औषध. कालच्यासारखी जीभ निळी पडली तर मात्र पत्र लिहीत बसायचं नाही, उचलून आणायचं. नळी उघडी ठेवायला आत जाळी बसवण्याचं ऑपरेशनही असतं, पण फारच बिघडलं तर. बहुतेकांना तिथवर जावंच लागत नाही म्हणाली.

मी तिथेच रडले. ग्रंथपाल भिंतीवरचा पोपटांचा तक्ता वाचत उभे राहिले. चांगला माणूस आहे.

आता ऐक, काय झालं ते. रडून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, हा पट्टा मात्र काढा. तिनं माझी ती देखणी कॉलर आणि बटणाची मान यांच्यामधे बोट घालायचा प्रयत्न केला. एक बोट कसंबसं गेलं, दुसरं जाईना. सूनबाई, मी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या कॉलरीत दोन बोटं घालून बघते. मान वळवायला लावते, गिळून दाखवायला लावते, आणि मगच कापडाला कात्री लावते. याला काही मी गिळून दाखव म्हटलं नाही. त्याचे केस दिसतात भरघोस, माप सैल होईल म्हणून मी वरूनच टेप आवळून धरली, आणि कॉलर उभी राहावी म्हणून वर आणखी एक टीप ओढली. दोरी लावून फिरायला नेलं की सगळा ताण त्याच नळीवर. इतक्या लोकांना मोकळा गळा दिला आणि घरातल्याचाच आवळला.

डॉक्टर म्हणाली, आजार पट्ट्यानं झालेला नाही, तो त्याच्या अंगातच होता, पट्ट्यानं वाढला इतकंच. आणि पुढे म्हणाली, यात तुमचं एक बरंच झालं, वाढला म्हणून कळला तरी. ती मला धीर द्यायला म्हणाली असेल. मी घेतला.

घरी येऊन कॉलर उसवली आणि छातीचा पट्टा कापायला बसले, म्हणजे ओढ छातीवर येईल, गळ्यावर नाही. पुढचे पाय बाहेर यावेत म्हणून बाहीसारखे मुंढे कापले, आत मऊ सूत. पहिला उलटा झाला. दुसरा त्यानं खाल्ला. तिसरा बसला. या खेपेला मी केस बाजूला सारून माप घेतलं, आणि त्याला बिस्किटाचा तुकडा देऊन गिळायलाही लावलं. तेवढा शेवटचा तुकडा. दारावर पाटी लावली आहे, 'कुत्र्याला खायला घालणाऱ्याचा शर्ट वेळेवर मिळणार नाही.' इस्त्री मागच्या खोलीत नेली.

बहिणीला लिहून टाक की तो येत नाही.

आई

२२ मार्च

आई, नमस्कार.

पत्रांची चुकामूक झाली. माझं रडगाणं तुमच्याकडे पोचलं असेल तेव्हा तुमचं इथे येऊन पडलं होतं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग तुमच्या चिरंजीवांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवस कसले, वर्षं विचारा, या ओळीला ते उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत होते. बाहेर भिंत आहे.

वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी शेजारणीची चौकशी केली. मी म्हटलं, ती कुत्रा निघाली. ते म्हणाले, तरीच बिस्किट.

कॉलरीचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही उसवलीत आणि दुसरी शिवलीत. बटणाचं वजन, खोकला, फिरणं, सगळं लिहीत जा. आणि अधूनमधून स्वतःचंही.

तुमची सूनबाई

३० ऑगस्ट

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तू महिन्याभरानं चार दिवसांसाठी येणार हे वाचून बटणाला सांगितलं. त्याला कळलं नाही, पण मी आनंदात आहे हे कळलं, आणि तो उगाचच गोल फिरला.

त्याला बघशील तर ओळखायची नाहीस. कंबर आली आहे. कमरेला पहिल्यांदाच हात लागला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं कुत्रं आलं. सगळा उन्हाळा आम्ही सकाळी गारव्यात फिरलो आणि दुपारी पडदे ओढून पंख्याखाली बसलो. डॉक्टरीणबाईंनी परवा तपासलं, गळ्यावर पुन्हा बोटं टेकवली, बदक जरासंच ओरडलं. म्हणाल्या, असाच राहिला तर मला तुम्ही फक्त वर्षातून दोनदा भेटाल. मी म्हटलं, बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण तेवढंच बरं. त्यांच्याकडच्या आणखी तीन लहान कुत्र्यांना मी छातीचे पट्टे शिवून दिले. एक तर फार नखरेल, तिला फूल हवं होतं.

खोकला आहेच अजून. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो. आधी मी प्रत्येक वेळी काळीज हातात धरून बसायची. आता मशीन थांबवते, त्याच्या छातीवर हात ठेवते, म्हणते, हळू रे राजा, आणि तो हळू होतो. मग दोघंही आपापल्या कामाला लागतो. तो झोपायच्या, मी शिवायच्या.

तुम्ही येताना बेल वाजवू नका. बेलची तार मी काढून टाकली आहे. दोन बोटांनी दार हलकंच ठोका, ग्रंथपाल तसंच करतात. आणि नवऱ्याला सांग, दारातच 'बटण' म्हणून ओरडायचं नाही. आत येऊन खाली बसायचं, म्हणजे तोच चालत येईल.

तू तुझ्या घरमालकिणीला पटवलंस, आता कुत्रं चालेल म्हणाली, असं लिहिलंस आणि पुढे काहीच लिहिलं नाहीस. मोकळी जागा सोडलीस. आपण आता तसं करायचं नाही, ठरलंय ना? म्हणून मी सरळ सांगते. त्याला नेऊ नकोस. तो माझ्याकडे राहू दे. तुला भेटावंसं वाटलं की तूच ये, मला तू आणि तो, दोघंही हवी आहात.

आई

ता. क. गेले पंधरा दिवस माझा उजवा गुडघा जिना उतरताना फार दुखतो, आणि काल कठड्याला धरून बसावं लागलं. शेजारणीचा नाही, माझा. तू येशील तेव्हा बघ.